अ‍ॅडमिशन झालं, पण खरी निवड पुढेच

इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळालं, फी भरली, की अम्मी-अब्बू निर्धास्त होतात. खरी निवड मात्र पुढेच असते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार राज्य सरकारने जुलै २०२३ मध्ये ठरवलेल्या आराखड्यात १४ क्रेडिट मल्टिडिसिप्लिनरी मायनरला आणि ८ क्रेडिट ओपन इलेक्टिव्हला आहेत. म्हणजे २२ क्रेडिटचे विषय आपल्या शाखेबाहेरचे!

ही निवड साधारणपणे दुसऱ्या वर्षी करावी लागते. तयारी पहिल्याच वर्षी हवी. कारण मायनर हा एक सुटा विषय नाही. एकाच क्षेत्रातले विषय पुढच्या सेमिस्टरमध्ये येत राहतात, मध्येच बदलणं अवघड. तरीही निवड होते ती ‘मित्राने घेतला’, ‘मार्क सहज मिळतात’ एवढ्यावर. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी इंजिनिअर होतंय, तिथे सांगणारंही कुणी नसतं. मग तीच गोष्ट शिकायला नंतर बाहेरच्या क्लासला पैसे मोजावे लागतात.

म्हणून आत्ताच अभ्यासक्रम मागवून बघा. कॉलेजमध्ये कोणती मायनर प्रत्यक्षात शिकवली जाते, कोण शिकवतं, हे सीनियरना विचारा. सिव्हिलच्या मुलीला डेटा सायन्स किंवा कॉम्प्युटरच्या मुलाला फायनान्स उपयोगी पडू शकतं.

मोहल्ल्यातली करिअर शिबिरं अ‍ॅडमिशनपाशीच थांबतात. आता पहिल्या वर्षाच्या मुलांसाठीही एक बैठक व्हायला हवी.