साताचे आठ

मी बँकेत कारकून आहे. अलीकडे या हुद्द्याला एक लांबलचक इंग्रजी नाव मिळालं आहे, पण काम तेच : एक काच, काचेला भोक आणि भोकापलीकडे रागावलेला माणूस. त्या माणसाला गेली वीस वर्षं मी एकच वाक्य ऐकवत आलो : "सिस्टिममध्ये तसंच दिसतंय." वाक्य खोटं नसतं. पण हल्ली ते म्हणताना माझी जीभ अडखळते. त्याला कारण एक आजी.

आजी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आल्या. पेन्शनरांनी वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं बँकेला पटवून द्यायचं असतं. मी नव्या स्क्रीनवर त्यांचं नाव टाकलं. नाव आलं, पत्ता आला, खातं क्रमांक आला. त्यावर क्लिक केलं, तर उत्तर : "असे खाते अस्तित्वात नाही."

आजींनी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून प्लॅस्टिकची पिशवी आणि त्या पिशवीतून पासबुक. पासबुकात सतरा आकडी क्रमांक, शेवटी ७. स्क्रीनवर तोच क्रमांक, शेवटी ८.

मी माझं वाक्य म्हटलं. आजी म्हणाल्या, "अहो साहेब, म्हणजे मी आहे, पासबुक आहे, पेन्शन आहे. फक्त सिस्टिममध्ये नाही. मग मी आता घरी जायचं की वैकुंठात?"

दाखला कागदावर ठेवून घेतला आणि तक्रार वर पाठवली. तेव्हा कळलं की या स्क्रीनचे आईबाप वेगळे राहतात. मागची बाजू, म्हणजे जिथून माहिती निघते ती, पायथन नावाच्या भाषेत. पुढची बाजू, म्हणजे मला दिसते ती, जावास्क्रिप्टमध्ये. मागच्यांनी कळवलं, "आमच्याकडून ७ गेला आहे." पुढच्यांनी कळवलं, "आलं ते आम्ही दाखवलं." दोघेही शपथेवर खरं बोलत होते. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची नोंद बरोबर असली की हिशेब जुळतो, असं आम्हाला बी.कॉम.ला शिकवलं होतं. इथे दोघेही बरोबर, आणि आजी मात्र हयात नाहीत!

घरी भाच्याला सांगितलं. तो याच धंद्यात आहे. म्हणाला, "मामा, हा जेसनचा घोळ."

"जेसन नाही रे आमच्या शाखेत. डिसोझा आहे, पण तो कर्जखात्यात."

जेसन हा माणूस नसून माहिती लिहिण्याची एक पद्धत आहे, हे त्यानं मला समजावलं. एका भाषेनं त्या पद्धतीनं चिठ्ठी लिहायची, दुसरीनं वाचायची. मग त्यानं लॅपटॉप उघडून जावास्क्रिप्टला एक आकडा दिला : ९००७१९९२५४७४०९९३. तिनं तो वाचून परत दिला : ९००७१९९२५४७४०९९२. एक कमी. ना चूकभूल देणेघेणे, ना काही.

भानगड अशी आहे. जावास्क्रिप्ट १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत उभी केली. तिच्याकडे साध्या आकड्यांसाठी एकाच मापाची पिशवी आहे, ६४ बिटांची. पूर्णांक असो की अपूर्णांक, त्याच पिशवीत. ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक तीत नीट बसतो. त्यापुढे पिशवी फाटत नाही, आकडाच चेपला जातो. आमची खाती सतरा आकडी, १ पासून सुरू होणारी. त्या वस्तीत पिशवीत फक्त सम आकडे मावतात. विषम आला की त्याला मुकाट्यानं शेजारच्या घरात ढकलतात, कधी मागच्या, कधी पुढच्या. २०१६ साली दिल्लीत मोटारींना सम-विषमचा नियम लावला होता, पण तिथे विषम मोटारींनाही त्यांचा दिवस मिळत असे. आमच्या विषम खातेदारांना एकही नाही. पायथन मात्र कितीही मोठा पूर्णांक पोटात ठेवते. म्हणून लिहिणाऱ्यानं पूर्ण लिहिलं, चिठ्ठीत पूर्ण होतं, वाचणाऱ्यानं वाचता वाचता साताचे आठ केले.

दुसऱ्या दिवशी इंजिनीअर आला, तेव्हा मी त्याला ऐटीत म्हटलं, "एफ १२ दाबा. आलेली चिठ्ठी कच्ची बघा, आणि मग उलगडून दाखवतात ती बघा." कच्चीत ७ होता, उलगडलेलीत ८. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही आय.टी.ला होता का?"

"नाही. बी.कॉम., सेकंड क्लास."

इथवर गंमत झाली. आता माझं भांडण ऐका.

भाचा म्हणतो, ही चूकच नव्हे. जेसनच्या २०१७ च्या नियमावलीत लिहूनच ठेवलंय की, या मर्यादेपलीकडच्या आकड्यांबद्दल दोन बाजूंचं एकमत होईलच असं नाही. २०१० साली ट्विटरनं याच कारणासाठी आपले क्रमांक दोनदा पाठवायला सुरुवात केली, एकदा आकडा म्हणून आणि एकदा मजकूर म्हणून. २०२० पासून जावास्क्रिप्टमध्ये मोठ्या पूर्णांकांसाठी वेगळा प्रकारही आलाय. "मग तो का नाही वापरला?" तर म्हणे, चिठ्ठी वाचताना आकडा आधी नेहमीच्याच पिशवीत पडतो, चेपलेला आकडा नंतर मोठ्या पिशवीत घालून काय उपयोग?

म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत होतं! माझी तक्रार हीच आहे. अज्ञानाला मी क्षमा करतो. त्याच्यावरच माझा संसार चाललाय. पण माहीत असलेला खड्डा न बुजवता त्यावर नियमावली अंथरायची, आणि पडलेल्या म्हातारीला "तसंच दिसतंय" म्हणायला मला काचेमागे बसवायचं, हे मला मान्य नाही.

आणि मूळ चूक पिशवीची नाहीच. खातं क्रमांक हा आकडा आहे असं ठरवलं कोणी? दोन खातं क्रमांकांची बेरीज करून कधी कुणाला काही मिळालंय? ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो आकडा नव्हे, ते नाव आहे. नाव अवतरणचिन्हांत घालून मजकूर म्हणून पाठवा. कुठलीही भाषा त्याला हात लावत नाही. आकडा म्हणून पाठवाल तर सुरुवातीचं शून्यही जाईल, कारण जेसनच्या आकड्याला पुढे शून्य चालतच नाही.

तारखांचंही तेच. हेडमास्तरांच्या कृपेनं आमच्या निम्म्या पेन्शनरांचा जन्म १ जूनचा. जावास्क्रिप्टमध्ये इथल्या मध्यरात्रीची १ जून ही तारीख घ्या आणि जागतिक वेळेत लिहून पाठवा. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून चिठ्ठीत पडते ३१ मे, संध्याकाळचे साडेसहा. जन्मतारीख ही तारीख आहे, तिला घड्याळ कशाला?

चेकवर रक्कम आकड्यात आणि अक्षरात, दोनदा का लिहितात? कॅश देताना दोघांनी का मोजायची? कारण जुन्या कारकुनांना ठाऊक होतं की, पैसे तुमच्याकडे किंवा माझ्याकडे हरवत नाहीत. ते हातातून हातात जाताना हरवतात. दोन भाषा जिथे हातमिळवणी करतात तिथे एक तरी माणूस बसवा. त्यानं विषम क्रमांक, शून्यानं सुरू होणारा क्रमांक, १ जूनची तारीख आणि एखादं मराठी नाव पलीकडे पाठवून बघावं आणि पोचपावती घ्यावी. एका दुपारचं काम आहे.

आमच्याकडे दुरुस्ती आठवड्यानं झाली. अवतरणचिन्हं, बस्स. आजींना फोन केला, "आजी, दाखला लागला. सिस्टिममध्ये आलात."

"बरं झालं," आजी म्हणाल्या. "आता तुमच्या सिस्टिमचा हयातीचा दाखला कोण घेतं, तेही बघा."