‘व्हॅम्पायर नाइट’ : रक्तापेक्षा कानामेबद्दल बोला

मात्सुरी हिनो यांची ‘व्हॅम्पायर नाइट’ ही १९ खंडांची जपानी मांगा. क्रॉस अकादमीत दिवसा माणसांची मुलं शिकतात, रात्री व्हॅम्पायर. दिवसाच्या मुलांना हे गुपित ठाऊकच नसतं. मोठ्या वर्गातल्या मुलीच्या हातात असं पुस्तक दिसलं की पालक रक्ताची चित्रं बघून दचकतात, काढून घेतात. मला त्या रक्ताची एवढी धास्ती वाटत नाही. व्हॅम्पायरांचा द्वेष करणारा झीरो स्वतःच हळूहळू व्हॅम्पायर होत जातो, यावर तर मुलांशी तासभर बोलता येईल. खटकतो तो कानामे. युकीला जपायचं म्हणून तिचाच भूतकाळ तो तिच्यापासून लपवतो, आणि वाचताना तेच प्रेम वाटतं! पालकहो, पुस्तक राहू द्या. मुलीला एवढंच विचारा, “तुझ्या भल्यासाठी म्हणून कुणी असं लपवलं तर चालेल का गं तुला?” मुलग्यालाही विचारा बरं का.