पेडल घ्या, पण आधी लय बसवा!

गॅदरिंग जवळ आलं की यवतमाळच्या कॉलेजांत गिटारी बाहेर निघतात. मग कुणीतरी म्हणतं, 'यार, ट्रेमोलो पेडल पाहिजे!' घ्या ना. पण ऑनलाइन ऑर्डर टाकण्याआधी एकदा स्वतः वाजवून बघा. नागपूरच्या दुकानात, नाहीतर मित्राचं मागून.

ट्रेमोलो आवाज लहान-मोठा करतो, सूर हलवत नाही. सूर हलवतो तो व्हायब्रॅटो. १९५४च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवरच्या दांडीलाही 'ट्रेमोलो'च म्हणतात, पण ती सूर हलवते. तेव्हा नावावर जाऊ नका.

पेडलवर रेट म्हणजे वेग, डेप्थ म्हणजे चढ-उतार किती तो. डेप्थ अर्ध्यावर ठेवून एकच कॉर्ड लांबवा. गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं असेल, तर सेकंदाला दोन किंवा चार हेलकावे नेमके बसतात. आता पूर्ण गाणं वाजवा. हात लयीतून सुटला की पेडल लगेच चुगली करतं. ते कुणासाठी थांबत नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: आधी महिनाभर फुकटच्या मेट्रोनोम अ‍ॅपवर हात बसवा. मग घरून आलेले पैसे खर्च करा. यूट्यूबच्या डेमोत पेडल तेच असतं, हात मात्र दुसऱ्याचा असतो.