दीड तास मागे की साडेतीन?

लग्नाचा बस्ता म्हटला की नागपूरकरांना गांधीबाग चुकत नाही. गेल्या शनिवारी मैत्रिणीसोबत मीही तिथल्या एका दुकानात गादीवर ठाण मांडून बसले होते. बाविसावी साडी उलगडताना दुकानदारकाकांनी विचारलं, "मंग फिराले कुठं चालल्या ताई?"

"मॉरिशस! बीच, सनसेट आणि दहा दिवस मोबाइल बंद."

"तिथे मराठी माणसं भेटतील, माहितीये ना?" मी म्हटलं. मॅडम ब्लँक!

तर मंडळी, टाइम झोन म्हटलं की आपल्याला फक्त नाइट शिफ्ट आणि क्लायंट कॉल आठवतो. आज जरा वेगळं गणित करू. गांधीबागेत सकाळी ११ वाजलेले असतात, तेव्हा मॉरिशसमध्ये साडेनऊ वाजतात आणि इस्रायलच्या वाळवंटातल्या डिमोना गावात साडेसात. उन्हाळ्यात इस्रायल घड्याळ तासभर पुढे नेतं, म्हणून तिथे साडेआठ. मॉरिशसनेही २००८-०९ मध्ये हा प्रयोग केला आणि सोडून दिला. या दोन्ही ठिकाणी छोटा मराठी समाज आहे आणि दोघांचंही मूळ मुख्यतः कोकणात!

मॉरिशसला मराठी माणसं गेली ती एकोणिसाव्या शतकात, उसाच्या मळ्यांवर मजुरीला. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. गणेश चतुर्थीला तिथे चक्क सार्वजनिक सुट्टी असते आणि बाप्पाचं विसर्जन समुद्रात होतं. कोकणातल्या जाखडीची बहीण शोभेल अशी 'झाकरी' तिथे अजून नाचतात. २०२३ मध्ये तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवरायांचा पुतळा उभा राहिला, त्याचं अनावरण आपल्या नागपूरच्या देवेंद्र फडणवीसांनी केलं.

डिमोना म्हणजे दुसरं टोक. १९५५ मध्ये वसवलेलं हे गाव. ना बीच, ना नारळाची झाडं. पण इथे पेणकर, रोहेकर अशी आडनावं भेटतात. हे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव दिलं 'शनवार तेली'. आजही शुभकार्यात पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा होतो. आणि हो, शनिवारी गाव बंद म्हणजे बंद. प्लॅन करताना लक्षात ठेवा!

मग जायचं कुठे? सोयीचं विचाराल तर मॉरिशस, डोळे मिटून. आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही आणि मुंबईहून थेट विमान आहे. डिमोनाचं तसं नाही. ऑक्टोबर २०२३ पासून तिथली परिस्थिती बघता परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचल्याशिवाय तिकिटाला हातच लावू नका.

पण खरं घड्याळ वेगळंच आहे. मॉरिशसमध्ये मराठी शाळेत शिकवतात, पण घरात बहुतेकांच्या तोंडी क्रिओल. डिमोनात मराठी बोलतात ते मुख्यतः भारतातून गेलेले आजी-आजोबा. नातवंडं हिब्रूतच भांडतात आणि हिब्रूतच प्रेमात पडतात. बीच पुढच्या वर्षीही तिथेच असेल. "कुठून आलात, बाळा?" असं मराठीत विचारणारी आजी असेलच असं नाही.

हे सांगितल्यावर मैत्रीण जरा गप्प झाली. मग काकांना म्हणाली, "एक नऊवारी पण दाखवा. तिकडे कुणी आजी भेटली, तर द्यायला."

हनिमून पॅकेजमध्ये हे कुणी लिहून देत नाही, बरं का!

जाता जाता : मॉरिशसला जमलं तर गणपतीत जा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे गुलाबी थंडी असते. आणि घरी फोन करताना लक्षात ठेवा, तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे आईचे साडेदहा. ती जागीच असेल, पण तरीही!