कुंडीवर किंमत लिहिता, विष का लिहीत नाही?

नागपूरकरहो,

उन्हाळा लागला की आपल्या घरात दोघांचा मुक्काम आत हलतो. गच्चीवर करपणाऱ्या कुंड्या कूलरच्या खोलीत येतात आणि अंगणातलं कुत्रंही त्याच खोलीत फरशीला पोट टेकून पसरतं. नवतपात डांबर असं पेटलेलं असतं की पहाटेचा फेरा झाला की दिवसभर त्याला बाहेर काढायची सोय नाही. चपला चावून संपल्या की पिलू कुंडीकडेच वळणार.

आमच्याकडे वळलं. सहा महिन्यांच्या पिलाने डिफेनबेकियाचं पान चावलं. लाळेच्या तारा लागल्या, पंजाने तोंड घासत ते किंचाळायला लागलं. तेवढ्यात घरात कुणीतरी व्हॉट्सअॅपवरचा तो जुना मजकूर वाचून दाखवला: हे झाड लहान मुलाला एका मिनिटात मारतं! अहो, मारत नाही. अळू नीट शिजलं नाही की घसा ज्याने खाजतो, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक या पानात असतात. अळू, सुरण, डिफेनबेकिया, मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन हे सगळे एकाच कुळातले. आपण चिंच घालून अळू शिजवतो. कुत्रं कच्चं चावतं, म्हणून त्याचं तोंड पेटतं. घसा सुजून श्वास अडायला लागला तर धावपळ करायलाच हवी, पण ते क्वचित. आमच्या पिलाचं तोंड पाण्याने धुतलं, थंड दही चाटवलं, संध्याकाळी ते पुन्हा चप्पल घेऊन पळालं.

डिफेनबेकियाची त्याच दिवशी हकालपट्टी झाली. आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंचे सायकस? गच्चीवरचं अडेनियम? ते ऐटीत जागेवरच. त्यांच्याबद्दल कुणी मजकूर पाठवला नव्हता ना!

सायकसला नर्सरीत सागो पाम म्हणतात. तो पाम नाही, आणि आपल्या उपवासाच्या साबुदाण्याशी त्याचा काही संबंध नाही; तो साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा. सायकसचा प्रत्येक भाग विषारी, बी सर्वांत जहाल. एक-दोन बियांनी कुत्रं दगावू शकतं. आधी उलट्या होतात, मग जरा बरं वाटल्यासारखं होतं आणि दोन-तीन दिवसांत यकृत निकामी होतं. उपचार करूनही पुष्कळ कुत्री हाती लागत नाहीत. अडेनियम, कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, ही दुसरी टोळी. यांचा चीक थेट हृदयाचे ठोके बिघडवतो. कण्हेरीचं पान वाळलं तरी विष वाळत नाही. महादेवाला वाहिलेली बिट्टी निर्माल्याच्या परडीत खाली ठेवता, ती परडी पिलाच्या नाकाच्या उंचीवर असते, एवढं लक्षात ठेवा.

आता ज्यांच्यासाठी हे पत्रक काढलं, त्यांच्याकडे वळतो. नर्सरीवाले म्हणतात, आम्हाला काय माहीत? माहीत आहे! कण्हेर विकताना तुम्हीच सांगता, “घेऊन जा जी, पाणी कमी लागते, जनावर तोंड लावत नाही.” जनावर तोंड का लावत नाही, हे गिऱ्हाइकाने विचारायचं नाही आणि तुम्ही सांगायचं नाही, असा हा सौदा. रस्त्याच्या दुभाजकावर कण्हेर लागते ती याच गुणावर. गाय जाणती असते, कडू लागलं की सोडते. पिलू जग तोंडानेच ओळखतं. “कुत्र्याला आपोआप कळतं” म्हणणाऱ्यांनी आपल्या पिलाने आजवर काय काय गिळलं ते आठवावं.

झाड विकू नका, असं आम्ही म्हणत नाही. कुंडीवर किमतीची चिठ्ठी असते, तिच्याखाली मराठीत एक ओळ लिहा: ‘कुत्र्या-मांजरांना विषारी’. खर्च शून्य. याच शहरात सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २००० साली स्थापन झालेल्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे. त्यांनी अशा झाडांचा एक चित्रफलक काढावा आणि महापालिकेने तो प्रत्येक नर्सरीत लावायला लावावा. मागणी एवढीच आहे.

तोवर घरातल्यांसाठी दोन शब्द. सायकस, कण्हेर, बिट्टी, अडेनियम यांपैकी काही चावलेलं दिसलं तर लक्षणांची वाट पाहू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती पराक्रम तर मुळीच नको. त्या मिठानेच कुत्रं मरू शकतं. चावलेली फांदी पिशवीत घाला, कुत्र्याला घ्या आणि पशुवैद्याकडे निघा. फांदी सोबत असली की डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो. घरात हिरवं हवंच असेल तर अरेका पाम आहे, जास्वंद आहे, गुलाब आहे.

पुढच्या रविवारी नर्सरीत गेलात की कुंडी उचलण्याआधी मोठ्याने विचारा, “भाऊ, हे कुत्र्याने खाल्लं तर?” उत्तर मिळालं नाही, तर कुंडी तिथेच ठेवून परत या.

आपला,
फाटकावरचे दोन्ही सायकस उपटलेला एक नागपूरकर