साधा मजकूर कोणासाठी साधा?

पीडीएफ तयार झाली. चाळीसेक पानं अपेक्षित होती, आली जेमतेम दहा. वर इंग्रजीत ‘कंटेंट्स’. खाली शीर्षकांच्या जागी फक्त इंग्रजी आकडे, त्यापुढे काहीच नाही. मधूनमधून स्वल्पविराम, पूर्णविराम, दोन-चार अवतरणचिन्हं. मजकूर गाळून उरलेला चोथा. आणि स्क्रीनच्या तळाशी एका ओळीचा निरोप: फाइल तयार झाली आहे, त्रुटींसह.

ही आमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका होती. शंभर वर्षांचा इतिहास, देणगीदारांची यादी आणि हजारभर जुन्या पुस्तकांची सूची. काम मी मागून घेतलं होतं. कारण मागच्या वेळची, म्हणजे अमृतमहोत्सवाची स्मरणिका माझ्याकडे फाइलच्या रूपात आली होती आणि ती उघडल्यावर दिसली इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी ती त्या काळच्या एका मराठी फाँटमध्ये टाइप केली होती. त्या फाँटांमध्ये फाइलच्या पोटात मराठी नसायचीच. पोटात इंग्रजी अक्षरं, वर देवनागरीचा मुखवटा. मुखवटा हरवला की मजकूर गेला. तेव्हा मी समितीतल्या काकांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की या वेळी असं होणार नाही, मी प्लेन टेक्स्टमध्ये करते, पन्नास वर्षांनी पण उघडेल.

उघडेल, यात शंका नाही. छापता येईल का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑर्ग-मोड हे ईमॅक्स या जुन्या एडिटरच्या आत चालणारं साधन आहे. कार्स्टेन डॉमिनिक या अ‍ॅमस्टरडॅममधल्या खगोलशास्त्रज्ञाने २००३मध्ये स्वतःच्या टिपणांसाठी ते सुरू केलं. ओळीच्या सुरुवातीला एक तारांकन टाकलं की शीर्षक, दोन टाकले की उपशीर्षक. शीर्षकं घडी घालून मिटता येतात, वरखाली सरकवता येतात, कामांच्या याद्या करता येतात. आणि त्याच एका फाइलमधून वेबपान, लिब्रेऑफिसची फाइल किंवा लाटेकमार्गे पीडीएफ काढता येते. फाइल मात्र कायम साध्या मजकुराची. फोनवर ऑर्गझ्लीमध्ये उघडा, नाहीतर नोटपॅडमध्ये, वाचता येतेच.

मी या साधनाच्या प्रेमात आहे. पुढची तक्रार म्हणूनच लिहिते आहे.

गेल्या काही वर्षांत त्यात आलेल्या नव्या गोष्टी खरोखर दमदार आहेत. २०१३च्या ८.० आवृत्तीत निकोला गोआझियू यांनी एक्स्पोर्टची सगळी यंत्रणा नव्याने बांधली. तेव्हापासून ऑर्ग आधी फाइल नीट वाचून तिचा वृक्ष तयार करतं: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही तळटीप. मग तो वृक्ष हव्या त्या रूपात ओततं. २०२१च्या ९.५मध्ये संदर्भ देण्याची स्वतःची पद्धत आली. त्याआधी प्रत्येक जण आपापली जुगाडं वापरायचा. २०२२च्या ९.६मध्ये घड्या घालण्याचं तंत्र बदललं, आणि माझी हजार नोंदींची ग्रंथसूची, जी आधी मिटता-उघडताना धापा टाकायची, ती सुरळीत चालू लागली. २०२४मध्ये ९.७ आली. त्याच महिन्यात एक भोक सापडलं: मुद्दाम तशी बनवलेली ऑर्ग फाइल नुसती उघडली तरी तिच्यातून कोड चालू शकत होता. ९.७.५ आणि ईमॅक्स २९.४ तातडीने काढून ते बुजवलं. साधा मजकूर वाटतो तेवढा साधा नसतो, हे तिथेही दिसलंच.

या सगळ्या याद्या मी दर आवृत्तीला वाचते. संदर्भ, घड्या, कोडचं रंगीत मुद्रण. मराठी परिच्छेद छापायचा मार्ग मात्र तिथल्या तिथे, काट्याकुट्यांचा.

तर ती कोरी पीडीएफ. ऑर्ग पीडीएफसाठी मूळ सेटिंगमध्ये पीडीएफलाटेक नावाचा कंपायलर वापरतं. त्याला देवनागरी अक्षर दिसलं की तो म्हणतो, या अक्षराची व्यवस्था केलेली नाही. पण ऑर्ग त्याला न थांबता पुढे जायला सांगतं, म्हणून तो प्रत्येक अक्षर वगळत शेवटपर्यंत जातो आणि निष्ठेने एक पीडीएफ हातात देतो. मी कंपायलर बदलला, झीलाटेक घेतला. या वेळी ती त्रुटी आली नाही. अक्षरंही आली नाहीत, कारण त्याच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही, आणि तशी नोंद तो लॉगच्या फाइलीत कुठेतरी खोल करून ठेवतो. मग फाँट दिला. अक्षरं आली, पण ‘स्मरणिका’मधली वेलांटी ‘ण’च्या उजवीकडे जाऊन बसली आणि ‘स्म’चे हलन्त लावून दोन तुकडे झाले. कारण फाँट देवनागरी असला तरी लिपी देवनागरी आहे हे वेगळं सांगावं लागतं. तेही सांगितलं. जोडाक्षरं जुळली, पण ल आणि श हिंदी वळणाचे. पाकळीचा ल आणि देठाचा श हवा तर भाषा मराठी आहे हेही सांगा, आणि असा फाँट निवडा ज्यात ती वळणं आहेत.

सगळं मिळून चार-पाच ओळी. मला त्यासाठी एक शनिवार आणि अर्धा रविवार लागला. मी पगार घेऊन कोड लिहिते, लॉग वाचणं हा माझा पेशा आहे. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी पहिली कोरी पीडीएफ बघितली असती तर त्यांनी काय निष्कर्ष काढला असता? ‘आपल्याला जमत नाही.’ किंवा त्याहून वाईट: ‘मराठीला हे चालत नाही.’

आणि हे फक्त पीडीएफपुरतं नाही. ऑर्गमध्ये ‘1.’ लिहिलं की क्रमवार यादी होते. ‘१.’ लिहा, ऑर्गच्या लेखी तो साधा परिच्छेद. मराठी आकडा त्याला आकडा वाटत नाही. तक्त्यात मराठी मजकूर भरा, उभ्या रेघा दारूच्या नशेत असल्यासारख्या चालतात. कारण ऑर्ग रकाने जुळवतं ते प्रत्येक अक्षराची रुंदी ठरीव धरून, आणि ‘क्ष्म्य’ची रुंदी किती हे फाँट ठरवतो.

सगळ्यात जास्त मला खटकतो तो ठळक अक्षरांचा नियम. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारांकन टाकलं की तो ठळक होतो, पण शेवटच्या तारांकनानंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हवं. इंग्रजीला हे ठीक आहे, तिथे शब्द संपला की संपला. मराठीत शब्द संपतो कुठे? पुणे, पुण्याला, पुण्याहूनच्या. पुस्तकाचं नाव ठळक करायचं आणि पुढे ‘मध्ये’ किंवा ‘चा’ जोडायचा, तर तारांकन ठळकपणा न देता तारांकन म्हणूनच छापलं जातं. यावर अधिकृत पुस्तिकेत उपाय आहे: मधे शून्य रुंदीची अदृश्य जागा घाला. म्हणजे ज्या मजकुराची सगळी शान ‘जे दिसतं तेच आहे’ ही, त्यात आम्ही न दिसणारी अक्षरं पेरत बसायची, दर विभक्तीला एक. पुढे कुणी त्या फाइलमध्ये ‘शोधा आणि बदला’ केलं की ती अदृश्य अक्षरं पायात येणार. आपल्या ऱ्या-ऱ्हसाठी असली अदृश्य चिन्हं आधीच काय कमी आहेत!

आता उत्तरं येतील, मला पाठ आहेत.

पहिलं: वर्ड वापर ना. वापरते की. दोन पानांच्या अर्जासाठी वर्ड उत्तम. हजार नोंदींची सूची एकदा लेखकवार, एकदा विषयवार, एकदा वेबपानावर आणि एकदा छापील हवी असेल तेव्हा ते सांगणाऱ्याने येऊन बसावं.

दुसरं: मूळ सेटिंग बदलायची मागणी अवाजवी आहे, पीडीएफलाटेक वेगवान आहे, बहुतेकांचं त्यावर भागतं. मान्य, मी ती मागणीही करत नाही. पण ऑर्गने मजकूर कंपायलरकडे पाठवण्याआधी पूर्ण वाचलेला असतो. तो वृक्ष हातात असतो. त्यात देवनागरी आहे आणि निवडलेला कंपायलर ती छापू शकत नाही, हे तेव्हाच कळू शकतं. एक इशारा द्या: ‘या फाइलमधली ही लिपी या मार्गाने छापली जाणार नाही.’ कोरं पान देऊन ‘तयार झालं’ म्हणण्यापेक्षा ते बरं. माझी तक्रार नकाराबद्दल नाही. वाढताना ताट रिकामं आणि वर ‘जेवण झालं’ म्हणणं, त्याबद्दल आहे.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त चीड आणतं, आणि ते परदेशी लोक देत नाहीत, आपले लोक देतात. ‘अगं, मराठीत कोण लिहितं ऑर्गमध्ये?’ हे विचारणारे सगळे माझ्यासारखे. मराठी माध्यमात किंवा निदान मराठी घरात वाढलेले, पुण्यात-मुंबईत नोकरीला, स्वतःची टिपणं इंग्रजीत ठेवणारे, प्लेन टेक्स्टवर तासभर बोलू शकणारे. मराठीत कुणी लिहीत नाही कारण पहिल्याच दिवशी कोरं पान येतं, आणि कोरं पान दुरुस्त होत नाही कारण मराठीत कुणी लिहीत नाही. हा फेरा तोडू शकणारे लोक मोजकेच आहेत, आणि त्यांचे टिपणवजा इंग्रजी दिवस मजेत चाललेत. माझेही चालले होते. आठ वर्षं ऑर्ग वापरते. त्यात पहिला सलग मराठी परिच्छेद मी या स्मरणिकेसाठी लिहिला. ही माझी लाज आहे, ऑर्गची नाही.

कारण पुढची गोष्ट बघा. लाटेकच्या बाजूला काम झालेलं आहे. भाषा सांभाळणारी दोन्ही मोठी पॅकेजेस, बेबल आणि पॉलिग्लॉसिया, मराठी ओळखतात. चांगले मोफत देवनागरी फाँट आहेत. कुणीतरी बसून ते केलं. आणि ऑर्ग काही कंपनी नाही, जिच्या दारात आपण ‘आमच्या भाषेकडेही बघा’ म्हणून उभं राहावं. तिचा कोड उघडा आहे. एक्स्पोर्ट करताना ‘अनुक्रमणिका’, ‘तळटीपा’, ‘आकृती’ असे शब्द कुठून येतात? एका साध्या तक्त्यातून. भाषेचा कोड आणि त्यापुढे शब्द. ज्या भाषेची नोंद नाही तिथे इंग्रजी छापलं जातं. मी तो तक्ता उघडला तेव्हा फारसी, जपानी, एस्टोनियन दिसल्या, मराठीचा कोड मला सापडला नाही. एस्टोनियन बोलणारे जेमतेम अकरा लाख. त्यांच्यातल्या कुणीतरी एका संध्याकाळी त्या ओळी भरल्या असणार. आपण आठ कोटींच्या वर. आपल्यात ती एक संध्याकाळ कुणाकडे नाही?

आणि हो, मराठी फाइलच्या वर ‘भाषा: मराठी’ लिहिलं नाही तर ऑर्गचं वेबपान स्वतःला इंग्रजी म्हणवतं. डोळ्यांनी वाचणाऱ्याला फरक पडत नाही, ब्राउझर अक्षरं नीट दाखवतो. स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला पडतो.

स्मरणिका छापून आली. छापखान्याने विचारलं, ‘मॅडम, फाइल पेजमेकरमध्ये नाही का?’ नाही म्हटलं. श देठाचा आला, ग्रंथपाल बाईंनी तो लगेच ओळखला. मूळ फाइल आता वाचनालयाच्या संगणकावर आहे, वरच्या पाच ओळींसकट, आणि प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते मराठीत लिहून ठेवलंय.

त्या तक्त्यासाठी मराठी शब्दांची यादी मी करायला घेतली आहे. पंधराएक ओळींपर्यंतचा बदल असेल तर ऑर्गला स्वामित्वहक्काची कागदपत्रंही लागत नाहीत, त्यामुळे ती पळवाट नाही. ‘फुटनोट्स’ला ‘तळटीपा’, ‘फिगर’ला ‘आकृती’, ‘टेबल’ला ‘तक्ता’ की ‘कोष्टक’ यावर आमच्या चौघांच्या गटात दोन दिवस भांडण चाललंय. ‘लिस्टिंग’ला, म्हणजे छापलेल्या कोडच्या तुकड्याला, काय म्हणायचं ते अजून कुणालाच सुचलेलं नाही.