उन्हाचीही इशारा पातळी हवी

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : बंधाऱ्यावर पाणी किती फूट? राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी ते शिकवले. पाणी चढू लागले की आंबेवाडी-चिखलीतली जनावरे हलतात, शाळांमध्ये निवाऱ्याची सोय होते, आपत्ती कक्षाचे फोन रात्रभर वाजतात. उन्हाच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. पारा चाळिशीला टेकला तरी शहराचे वेळापत्रक मिनिटाने हलत नाही. ‘लई तापलंय’ म्हणायचे, गार सरबताचा ग्लास रिकामा करायचा आणि संध्याकाळी वळीव येतो का याकडे डोळे लावून बसायचे, एवढीच आपली उन्हाळ्याची तयारी.

या निर्धास्तपणाला कारण आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंची, पश्चिमेला सह्याद्री आणि ऐन वैशाखात हवा गार करून जाणारा वळीव, यामुळे ऊन ही विदर्भ-मराठवाड्याची डोकेदुखी, आपली नव्हे, अशी इथली पक्की समजूत आहे. पण ऊन सोसण्याची ताकद पाऱ्याच्या एका आकड्यावर ठरत नाही. म्हणूनच भारतीय हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात 40, किनारपट्टीवर 37 आणि डोंगराळ भागात 30 अंश असे वेगवेगळे किमान आकडे धरले आहेत. चंद्रपूर-ब्रह्मपुरीत 44 अंशांना माणसे सरावलेली असतात. तेच ऊन कोल्हापुरात उतरले तर हाहाकार उडेल. हवा दमट असली की घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही की अंग निवत नाही. कोकणातला 36 अंशांचा दिवस नागपूरच्या चाळिशीहून नकोसा वाटतो तो यामुळेच.

प्रत्येक प्रदेशाने आपापल्या उन्हावर तोड काढली होती. विदर्भात दारे-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत, आता कूलर लागतात. पण खरा उपाय तिथल्या दिनक्रमात आहे. दुपारी बाजार सुस्तावतो आणि संध्याकाळी शहर पुन्हा जागे होते. चेहऱ्याभोवती दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. सोलापूर-मराठवाड्यात हात-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती आणि वर माळवद. दिवसा घरात राहायचे आणि रात्री माळवदावर अंथरूण टाकायचे. कोकणात उतरती कौले, पडवी, अंगणातला मांडव आणि कोकम. आपल्याकडे ताक, नाचणीची आंबील, कैरीचे पन्हे आणि मुलांसाठी सकाळची शाळा. शेतातले काम दिवस डोक्यावर यायच्या आत उरकायचे. पहाटे जुंपलेले औत दुपारी सुटायचे आणि बैल झाडाखाली रवंथ करत बसायचे.

बैलाची ही दुपार पुढे कायद्यानेही मान्य केली. ओढकामाच्या जनावरांना क्रूरतेपासून वाचवण्यासाठी केंद्राने 1965 मध्ये नियम केले. ज्या भागात तापमान 37 अंशांच्या वर जाते, तिथे दुपारी 12 ते 3 या वेळेत जनावराला गाडीला जुंपता येत नाही, असे हे नियम सांगतात. त्याच वेळेत, त्याच रस्त्यावर डांबराचा टँकर मागे लावून खडी पसरणाऱ्या बाईसाठी मात्र असा थेट मनाई नियम नाही. बैलाला जे साठ वर्षांपूर्वी मिळाले, ते माणसाला अजून मिळायचे आहे. उन्हाच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. ‘भरपूर पाणी प्या, दुपारी घराबाहेर पडू नका’ हा सल्ला ज्याला घरी बसणे परवडते त्याच्या कामाचा; ज्याची चूल दुपारच्या हजेरीवर पेटते, त्याच्यासाठी तो कागदावरच राहतो.

कोल्हापुरात अशी माणसे थोडी नाहीत. मार्केट यार्डातले हमाल, बांधकामावरचे मजूर, वीटभट्टीवरची कुटुंबे, कचरा उचलणारे सफाई कामगार, भाजी घेऊन फुटपाथवर बसलेल्या बायका. त्यात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्री. भट्टीतून सुमारे 1400 अंशांचा लोखंडाचा रस लॅडलमध्ये घ्यायचा, साच्यापर्यंत न्यायचा आणि न सांडता ओतायचा. ओतणाऱ्याच्या अंगात जाड कपडे, पायात बूट, वर तापलेला पत्रा. थंडीतही तिथे घामाच्या धारा लागतात. एप्रिलच्या दुपारी बाहेरून येणारी हवाच गरम असली की त्या अंगाने निवायचे कसे? रात्रीची वीज स्वस्त होती तेव्हा बऱ्याच भट्ट्या रात्री पेटत. आता उलटे होऊ घातले आहे. केंद्राने 2023 मध्ये केलेल्या नियमांचे धोरण दिवसा, सौरऊर्जा मुबलक असते त्या वेळेत वीज स्वस्त ठेवण्याचे आहे. विजेच्या हिशेबाने ते योग्यच. पण त्यापायी ओतकाम भर दुपारी आले, तर बिलात वाचलेले पैसे कामगाराच्या अंगातून वसूल होतील. वीजदर ठरवताना हा हिशेब कोणी मांडल्याचे ऐकिवात नाही.

ऊन मारते ते केवळ 45 अंशांना, हाही भ्रम आहे. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, तेव्हा जवळपासचे तापमान चाळिशीच्या आतच होते. उघड्या मैदानात तासन् तास बसलेल्या गर्दीतील 14 जणांचा उष्माघाताने बळी गेला. दरवर्षी चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर लाखो भाविक येतात, सासनकाठ्या नाचतात, वाटेवर मंडळे ताक-पाणी वाटतात. ही आपली मोठी ताकद आहे. पण पाणपोई पुण्य म्हणून चालते, व्यवस्था म्हणून नव्हे. आणि कधी बंद पडेल याचा भरवसा नसलेल्या गोष्टीवर लाखोंच्या जिवाचा हवाला ठेवता येत नाही.

दुसऱ्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. मे 2010 च्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीपेक्षा 1344 मृत्यू जास्त झाल्याचे अभ्यासात दिसले. 2013 मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णता कृती आराखडा आणला. स्थानिक मृत्यूंच्या नोंदी आणि तापमान शेजारी मांडून पिवळ्या, केशरी आणि लाल इशाऱ्यांचे आकडे ठरवले. इशारा मिळताच दवाखाने, बागा, पाणीपुरवठा आणि रुग्णवाहिका यांनी काय करायचे ते लिहून ठेवले. नंतरच्या अभ्यासाने वर्षाला सरासरी अकराशेहून अधिक मृत्यू टळल्याचा अंदाज दिला. फ्रान्समध्ये 2003 च्या उन्हाळ्यात सुमारे 15 हजार माणसे दगावली, त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसे फार होती. आता तिथल्या नगरपालिका अशा लोकांची नोंद ठेवतात आणि लाटेत त्यांची विचारपूस करतात. कतारने 2021 पासून 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी घातली. एवढे लांब जायचे नसेल तर अकोला आहे. मे 2024 मध्ये पारा 45 च्या पुढे गेला तेव्हा तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी जमावबंदीचे कलम वापरून शिकवण्यांच्या वेळा बदलायला लावल्या आणि कामगारांना पाणी, पंखे देणे मालकांवर बंधनकारक केले.

दुपारी काम थांबवले तर मजुरी बुडेल, ठेकेदार मुदत चुकवेल, हा आक्षेप येणारच. तो खोटा नाही. पण आठ तास कमी करा असे कोणी म्हणत नाही, ते सरकवा एवढेच म्हणणे आहे. सकाळी सहा ते अकरा आणि चार ते सात, असे दोन तुकडे करता येतात. घर लांब असलेल्या मजुराला मधल्या वेळेत बसायला सावली, पाणी आणि स्वच्छतागृह मिळाले पाहिजे. ते नसेल तर सुट्टी म्हणजे नुसता कागदी उपचार ठरेल. ज्या दिवशी काम पूर्ण बंद ठेवावे लागेल, त्या दिवसाच्या भरपाईची वाट गुजरातेत ‘सेवा’ संघटनेने दाखवली आहे. ठरलेल्या मर्यादेपलीकडे पारा गेला की महिला सभासदांना विम्यातून पैसे देण्याचा प्रयोग त्यांनी केला. कोल्हापूरसारख्या सहकाराच्या जिल्ह्याला हे अवघड वाटू नये.

पहिले पाऊल महापालिकेने आणि जिल्हा प्रशासनाने उचलावे. मागच्या दहा-पंधरा वर्षांच्या मार्च ते मे महिन्यांतील मृत्यूंच्या नोंदी आणि त्या त्या दिवसांचे तापमान, दमटपणा एकत्र मांडून कोल्हापूरची स्वतःची इशारा पातळी आणि धोका पातळी ठरवावी. आपल्या रस्त्यांच्या आणि इमारतींच्या निविदांमध्ये उन्हाळ्यातील कामाच्या वेळांची अट घालावी. सुरुवात स्वतःच्या ठेक्यांपासून झाली तरच खासगी बिल्डरला सांगण्याचा हक्क राहतो. सीपीआर रुग्णालयासह सर्व सरकारी दवाखान्यांत उष्माघाताची स्वतंत्र नोंद सक्तीची करावी. दुपारी कुलूप लागणाऱ्या बागा उन्हाळ्यात उघड्या ठेवाव्यात, झोपडपट्ट्यांतल्या पत्र्यांना पांढरा रंग द्यावा आणि रुंदीकरणात तोडलेल्या झाडांचा हिशेब रोपांत नव्हे, सावलीत मागावा. फाउंड्रीचालकांच्या संघटनांनी ओतकामाच्या वेळांबाबत कामगारांशी बसून बोलावे.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 पासून आहे आणि जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडेच आहे. तेव्हा पुढच्या होळीच्या आत हा आराखडा तयार व्हावा, आणि त्यातले पहिले कलम दुपारी 12 ते 3 या वेळेत उघड्यावर अंगमेहनतीचे काम बंद ठेवण्याचे असावे.